डिझायर इतकी खपते, मग सियाझ का आटोपली? नव्या सेडानच्या जागेचं गणित

मारुती सुझुकीने २०२५ मध्ये सियाझ बंद केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेली ही गाडी एके काळी होंडा सिटीच्या तोडीस तोड खपत होती. शेवटी शेवटी शोरूमवाले तिचं नाव स्वतःहून काढेनासे झाले होते. तिच्याच खालच्या पायरीवरची डिझायर मात्र २०१८ मध्ये देशातली सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी ठरली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं तिचं नवं रूपही जोरात चाललंय. म्हणजे लोकांना डिकीवाली गाडी नको झालीय असं म्हणता येत नाही. मग अडलं कुठे? आणि उद्या मारुतीने, टोयोटाने किंवा आणखी कुणी नवी मिडसाइज सेडान आणायचं मनावर घेतलं, तर त्यांच्या भरगच्च यादीत तिला जागा आहे का?

गोव्यात हा विषय निघाला की गप्पा लांबतात, कारण इथे गाड्याच तेवढ्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के घरांत चारचाकी सापडली, आणि देशातल्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. त्यामुळे फोंडा काय नि डिचोली काय, पहिली गाडी घेणाऱ्यापेक्षा जुनी बदलणारा जास्त भेटतो. त्याचा प्रश्न ठरलेला: ‘सेडान घेऊ की उंच गाडी?’ कंपनीच्या बैठकीतही शेवटी हाच प्रश्न असतो, फक्त तिथे तो कोट्यवधी रुपयांचा होतो.

आधी मिडसाइज सेडान म्हणजे कुठली गाडी ते पक्कं करू. पुढे इंजिन, मधे माणसं, मागे वेगळी डिकी आणि लांबी साडेचार मीटरच्या आसपास. या गटात आता ठळक अशी चारच नावं उरली आहेत: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. डिझायर, ऑरा, अमेझ, टिगोर याही सेडानच, पण चार मीटरच्या आतल्या. डिझायरची लांबी आहे ३,९९५ मिलिमीटर. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हा आकडा डिझायनरच्या टेबलावर ठरलेला नाही, तो दिल्लीत अर्थमंत्रालयात ठरला.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं त्याची व्याख्या झाली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस काढली. मारुतीची पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती, ती २०१२ मध्ये ३,९९५ वर आणली. मागून पाहिलं की ती डिकी जरा चेपल्यासारखी दिसायची, पण कराचा फायदा एवढा होता की कुणी तक्रार केली नाही. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला तरी ही रेघ तशीच राहिली. छोट्या पेट्रोल गाडीला उपकरासह २९ टक्के, मिडसाइज सेडानला ४५ टक्के.

२२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर झाले १८ आणि ४०. सगळ्याच गाड्या स्वस्त झाल्या म्हणून लोक खूश झाले, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर बघा. आधी ते १६ टक्क्यांचं होतं, आता २२ टक्क्यांचं आहे. दोन गाड्यांची करापूर्वीची किंमत दहा-दहा लाख धरली, तर छोटीचे होतात ११ लाख ८० हजार आणि मोठीचे १४ लाख. चार मीटरची रेघ ओलांडण्याचा दंड सव्वादोन लाखांच्या घरात. त्यातून मोठ्या गाडीची करापूर्वीची किंमतही जास्तच असणार. डिझायर पाहायला आलेल्या माणसाला ‘अजून थोडे घाला, मोठी सेडान येईल’ असं सांगायची सोय विक्रेत्याकडे राहिलेली नाही. ते ‘थोडे’ आता थोडे नसतात.

वरच्या बाजूचं दुखणं वेगळंच आहे. जुन्या जीएसटीत ५० टक्के भरावे लागणारी ‘एसयूव्ही’ कोणती, तर लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. ह्युंदाईच्या क्रेटाचं पेट्रोल इंजिन १४९७ सीसीचं. म्हणजे दिसायला एसयूव्ही, लोकांच्या तोंडी एसयूव्ही, पण कराच्या वहीत ती व्हर्नाच्याच रांगेत, ४५ टक्क्यांवर. आता दोघींना ४० टक्के. सेडान बुटकी आहे म्हणून सरकार तिला एक पैसा सोडत नाही. खालून कराची रेघ आणि वरून त्याच करात मिळणारी उंच गाडी, अशी मिडसाइज सेडान अडकित्त्यातल्या सुपारीसारखी मधोमध सापडली आहे.

आता कंपनीची बाजू. प्रत्येक गिऱ्हाइकाला वर चढण्यासाठी पायरी असावी, ही कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२१ च्या सुमारास अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे सात नावांच्या गाड्या होत्या. त्यांतल्या काही एकाच किमतीला विकल्या जात आणि एकमेकींचीच गिऱ्हाइकं पळवत. काही किमतींना मात्र गाडीच नव्हती. कंपनीतले वरिष्ठ अधिकारी आल्फ्रेड स्लोन यांनी स्क्रिप्स-बूथ आणि शेरिडन ही दोन नावं काढून टाकली आणि उरलेल्यांना किमतीच्या क्रमाने बसवलं. शेव्हरोले सर्वांत खाली, कॅडिलॅक सर्वांत वर. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक कामाला एक गाडी, हे त्यांचं धोरण. पुढे पन्नास-साठ वर्षांत त्याच कंपनीने पायऱ्या पुन्हा एकमेकींत मिसळू दिल्या, वेगवेगळ्या नावांनी जवळपास एकच गाडी विकायला सुरुवात केली, आणि शेवटी ओल्ड्समोबिल २००४ मध्ये तर पॉन्टिअ‍ॅक २०१० मध्ये बंद करावी लागली.

स्लोन यांचं कोष्टक आजही प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर असतं म्हणा. त्यात किमतीची मोकळी जागा दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, इथे एक गाडी बसते. मारुतीच्या यादीत डिझायरच्या वर सेडान नाही, म्हणजे जागा रिकामी, असं वाचणाऱ्यालाही वाटतं. पण कागदावर रिकामी दिसणारी जागा बाजारातही रिकामी असेल असं नाही. बारा-पंधरा लाख घेऊन आलेल्या माणसासाठी मारुतीकडे अर्टिगा आहे, एक्सएल-सिक्स आहे, ग्रँड विटारा आहे, व्हिक्टोरिस आहे. तो माणूस रिकाम्या हाताने परत जात नाहीये.

इथे एक हिशेब मांडून बघू. आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतलेत. समजा नवी सेडान महिन्याला १,००० खपते आणि एका गाडीमागे कंपनीला ७० हजार सुटतात. म्हणजे सात कोटी. ऐकायला छान. पण त्या हजारांतली ६०० माणसं सेडान नसती तर त्याच कंपनीची एसयूव्ही घेणार होती, आणि एसयूव्हीमागे कंपनीला एक लाख सुटत होते. म्हणजे सहा कोटी गेले. हाती उरला एक कोटी. सहाशेच्या जागी सातशे झाले की तोही गेला. नव्या गाडीचे साचे, चाचण्या, जाहिराती यांचे शेकडो कोटी अजून या हिशेबात धरलेलेच नाहीत.

आता एकच गोष्ट बदला. सेडान नसती तर ती ६०० माणसं व्हर्ना किंवा व्हर्टस घेणार होती, असं धरा. मग कंपनीचं काहीच जात नाही, पूर्ण सात कोटी नवे. विक्रीचा आकडा दोन्ही वेळी तोच, १,०००. वर्तमानपत्रातल्या विक्रीच्या तक्त्यावरून यातलं काही कळत नाही, आणि ‘महिन्याला हजार गाड्या जात असताना बंद का केली?’ असं कुणी विचारलं की उत्तर बहुतेक वेळा इथेच दडलेलं असतं. कंपन्या म्हणूनच बुकिंग करणाऱ्याला विचारून घेतात: आणखी कुठली गाडी बघितली होती, आधी कुठली होती. तो कंटाळवाणा फॉर्म आपण घाईघाईत भरतो, पण कंपनीच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा कागद तोच.

यादीत गर्दी आहे म्हणून जागा नाही, हे कारण मला पटत नाही. मारुतीनेच ते खोटं ठरवलंय. ग्रँड विटारा २०२२ पासून विकली जात असताना सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी तिच्याच आकाराची, तिच्याच इंजिनांची व्हिक्टोरिस आणली. एकीला लागून दुसरी! आधीच भरलेल्या रांगेत आणखी एक खुर्ची घुसवायला त्यांना अडचण वाटली नाही, पण मोकळ्या दिसणाऱ्या सेडानच्या जागेकडे ते फिरकले नाहीत. कारण साधं आहे. मारुतीच्या शोरूमच्या नेक्सा आणि अरेना अशा दोन साखळ्या आहेत; ग्रँड विटारा नेक्साच्या शोरूममध्ये मिळते, व्हिक्टोरिस अरेनाच्या. अरेनाकडे मोठी एसयूव्ही नव्हती, त्यामुळे तिथे आलेलं गिऱ्हाईक उठून क्रेटा बघायला जायचं. व्हिक्टोरिसने आणलेली बरीच माणसं बाहेरची असणार, आणि ती बनवायला नवं असं फार काही लागलं नाही. सेडानला या दोन्ही परीक्षा जड जातात.

दुसरी परीक्षा, बनवण्याच्या खर्चाची, जरा नीट बघू, कारण खरा निकाल तिथेच लागतो. गाडीचा सर्वांत महाग भाग बाहेरून दिसत नाही. खालचा सांगाडा, सस्पेन्शनच्या जागा, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, आणि हे सगळं अपघाताच्या चाचणीत टिकतं हे सिद्ध करणं. हे एकदा झालं की त्यावर वेगवेगळे पत्रे चढवता येतात. स्कोडा-फोक्सवॅगनने हे भारतात अगदी उघडपणे केलं. चाकणला बनणाऱ्या कुशाक, टायगून, स्लाव्हिया, व्हर्टस या चारही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एकच, २,६५१ मिलिमीटर. इंजिनं दोनच, एक लिटर आणि दीड लिटर टर्बो. म्हणून एकाच समूहाच्या दोन सेडान एकमेकींसमोर उभ्या राहूनही परवडतात. त्यांना प्रत्येकी फार मोठा खप लागतच नाही. शिवाय व्हर्टस मेक्सिकोसारख्या बाजारांतही जाते. व्हर्ना आणि सिटीही निर्यात होतात. गोव्यात महिन्याला किती खपल्या यावर त्यांचं पोट नाही.

होंडाकडे उलटा प्रवास झाला. सिटी आपल्याकडे १९९८ पासून आहे, आणि २०२३ मध्ये आलेली एलिव्हेट ही एसयूव्ही तिच्याच पायावर, तिच्याच दीड लिटर इंजिनावर उभी केली. थोरली सेडान, धाकटी एसयूव्ही. होंडाच्या यादीत एरवी आहे काय? अमेझ, सिटी, एलिव्हेट. तिथे गर्दीचा प्रश्नच नाही. उद्या सिटी काढून टाकली तर होंडाच्या शोरूममध्ये माणूस कशासाठी शिरेल, हा प्रश्न जास्त खरा आहे.

ह्युंदाईचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. त्यांची व्हर्ना २०२३ मध्ये नवी झाली, १६० पीएस ताकदीचं टर्बो इंजिन क्रेटाशी वाटून घेते. पण त्यांच्याच सख्ख्या भावंडाने, कियाने, भारतात आल्यापासून एकही सेडान आणलेली नाही. सेल्टोस, सॉनेट, कॅरेन्स, कार्निव्हल, सगळ्या उंच. सांगाडा तयार, इंजिन तयार, अनंतपूरला कारखाना तयार, आणि तरी नाही. दोन दुकानं मिळून एक मिडसाइज सेडान पुरे, असा त्या घराचा हिशेब दिसतो. टोयोटाने तर आयती मिळत असलेलीही सोडली. यारिस २०१८ मध्ये आणून २०२१ मध्ये बंद केली. सियाझवर आपला बिल्ला लावून तिची बेल्टा करून परदेशात विकली, पण भारतात आणली नाही. बलेनोची ग्लान्झा झाली, फ्रॉन्क्सची टायसर झाली, अर्टिगाची रुमियन झाली. सियाझचंच तेवढं घोडं अडलं. ज्या गाडीला फक्त बिल्ला बदलायचा खर्च होता ती गाडीही नको वाटावी, यावरून अंदाज घ्या.

कंपनीच्या ऑफिसात कोष्टक जुळलं तरी गाडी विकायची असते शोरूमवाल्याला, आणि गोव्यासारख्या छोट्या बाजारात त्याचं दुखणं वेगळं. माझा मावसभाऊ पर्वरीच्या एका शोरूमचा स्टॉक सांभाळतो. एका गाडीचे चार व्हेरिएंट, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, सहा रंग: झाले ४८ प्रकार. महिन्याला दोन-चार गाड्या जाणाऱ्या मॉडेलचे ४८ प्रकार कोण ठेवणार? मग ठेवतात पाच-सहा, आणि ते नेमके चुकतात. ‘दादा, आलेल्या माणसाला पाहिजे पांढरी टॉप ऑटोमॅटिक, आणि माझ्याकडे पडून असते लाल मॅन्युअल,’ तो म्हणतो. ‘पांढरी मागवतो म्हटलं की तो म्हणतो चतुर्थीला गाडी दारात हवी, आणि जातो समोरच्या शोरूमला.’

लाल मॅन्युअल मग यार्डात उभी. शोरूमवाला गाडी उचलताना कंपनीला पैसे देऊन बसलेला असतो, ते बहुधा बँकेचे, त्याचं व्याज रोज चढतं. आमच्या पावसाळ्यात तर बंद गाडीचे हाल बघवत नाहीत. जुलैत काच खाली केली की ओल्या कपड्यांचा वास येतो, स्टिअरिंगच्या कातड्यावर आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचा तांबडा थर, बॅटरी उतरलेली. मुलं आठवड्याला एकदा सगळ्या गाड्या चालू करून पुढे-मागे करतात. म्हणून शोरूमवाला मनातून नव्या सेडानच्या विरोधात असतो. तोंडाने तो कंपनीला हो म्हणेल, पण दारातल्या जागेवर क्रेटाच लावेल.

आणि त्याचं काय चुकलं? गोव्याच्या घरांचे रस्ते बघा. मुख्य रस्ता दर डांबरीकरणात वर चढत जातो, घर खाली राहतं. फाटकापाशी चिऱ्यांच्या दोन कुंपणांच्या मधे एक आखूड, उभा उतार तयार होतो. सेडान तिथे पोट घासते. याला भूमिती आहे. चाकांमधलं अंतर जास्त आणि जमिनीपासूनची उंची कमी, की गाडीचं पोट उंचवट्याच्या कडेला लवकर टेकतं. सिटीचे आकडे २,६०० आणि १६५ मिलिमीटर. ढोबळमानाने साडेचौदा अंशांच्या कडेवर ती टेकेल. क्रेटाचे २,६१० आणि १९०, ती साडेसोळा अंशांपर्यंत सुटते. दोन अंशांचाच फरक, पण मागे तिघं बसले आणि डिकीत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान भरलं की सेडान आणखी खाली बसते आणि ‘खर्र’ आवाज येतो. मग ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवतो. फाटकात गाडीतून उतरून चालत आत जाणारी वरात बघून शेजारी जे हसतात, त्याने अनेक सेडान विकल्या गेल्या आहेत, म्हणजे जुन्या बाजारात. स्लाव्हिया आणि व्हर्टसची उंची १७९ मिलिमीटर ठेवली गेली ती उगाच नाही.

दुसरं कारण गुडघे. सेडानमध्ये माणूस खाली उतरून बसतो आणि वर चढून उठतो. उंच गाडीत नुसता सरकून बसतो. घरात सत्तरीची आजी असली की टेस्ट ड्राइव्हचा निकाल मागच्या दारातच लागतो. इंजिन किती पीएसचं, हे नंतर.

मग सेडान घेतं कोण? जो चोर्ला घाटातून बेळगावला वरचेवर जातो तो घेतो. वळणावर बुटकी गाडी कमी कलते, ताशी शंभरला कमी आवाज करते, हवा कमी अडवते म्हणून कमी पेट्रोल पिते. आणि डिकी! व्हर्नाची ५२८ लिटर, क्रेटाची ४३३. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, केळीचे घड भरून घरी येणाऱ्याला हा फरक आकड्यांशिवाय कळतो. सिटीच्या हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेल्या गाडीत, मात्र ही गंमत जाते. कंपनीच्या आकड्यांनुसार ती लिटरला २६ किलोमीटरच्या वर जाते खरी, पण बॅटरी डिकीत बसल्याने जागा ५०६ लिटरवरून ३०६ वर येते.

टॅक्सीचा विषय टाळता येणार नाही. दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांबाहेरच्या रांगेत डिझायर हमखास दिसते. खप चांगला, पण घरगुती गिऱ्हाईक नाक मुरडतं: ‘ही घेतली तर लोक पणजीला किती घेणार म्हणून विचारतील.’ कंपनीने टॅक्सीवाल्यांसाठी टूर असं वेगळं नाव काढलं ते यासाठीच. मिडसाइज सेडान इथे उपयोगी पडायला हवी होती: टॅक्सी वाटणार नाही अशी, डिझायरच्या वरची घरची गाडी. दहा वर्षांपूर्वी सियाझ हेच काम करत होती. ते काम आता ब्रेझा आणि फ्रॉन्क्स करतात, आणि ब्रेझा चार मीटरच्या आतलीच आहे. इभ्रतीची पायरी उंचीवर गेली, लांबीवर राहिली नाही.

कंपन्यांनी यावर एक मधला मार्ग काढून बघितला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टाटा कर्व्ह आणि सित्रोएन बसाल्ट पाठोपाठ आल्या. उंची एसयूव्हीची, पाठ उतरती, कर्व्हची डिकी ५०० लिटर. सेडानचं गिऱ्हाईक सेडान न बनवता मिळवायचा हा प्रयत्न. मला दिसायला दोन्ही गाड्या अर्धवट वाटतात, पण तो माझ्या डोळ्यांचा दोष असेल; आमच्या पिढीला डिकी मागे सरळ बाहेर आलेली बघायची सवय आहे.

या सगळ्यावर एक उलटा मुद्दा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. फोर्डने २०१८ मध्ये अमेरिकेत सेडान बंद करायचं जाहीर केलं. टोयोटाने कॅमरी सोडली नाही, होंडाने अकॉर्ड सोडली नाही. गट आकसला, पण वाटेकरीही कमी झाले, आणि उरलेल्यांच्या पानात बऱ्यापैकी पडलं. आपल्याकडे लिनिया, सनी, व्हेंटो, रॅपिड, यारिस, सियाझ एकामागून एक गेल्या. उरलेल्या चौघींना ती गिऱ्हाइकं मिळाली. नव्याने येणाऱ्या पाचवीला मात्र याचा फायदा नाही. ज्यांचा सांगाड्याचा खर्च कधीच वसूल झालाय त्यांच्याशी तिला पहिल्या दिवसापासून भांडावं लागेल. नवेपणाच्या जोरावर पहिलं वर्ष जाईल; तिसऱ्या वर्षी काय होतं ते खरं.

म्हणून मारुतीने नवी सियाझ आणू नये असं माझं मत आहे. दोन परिस्थितींत ते बदलेल. एक, ग्रँड विटाराच्या पायावर, तिच्याच स्ट्राँग हायब्रीड इंजिनासह, निम्म्याहून जास्त निर्यातीसाठी बनवली तर. दुसरी, व्हिक्टोरिसमध्ये सीएनजीची टाकी गाडीच्या खाली बसवलीय तशी सेडानमध्ये बसवून डिकी पूर्ण मोकळी ठेवली तर. अशी मिडसाइज सेडान आज कुणाकडे नाही, त्यामुळे येणारं गिऱ्हाईक बाहेरचं असेल. अर्थात टॅक्सीवाले तिच्यावर आधी तुटून पडतील, आणि मग घरचे नाक मुरडतील ते वेगळं. टोयोटा आपल्या हायरायडर एसयूव्हीवर समाधानी आहे, तिने या वाटेला जायचं कारण नाही. होंडाने सिटीची पुढची पिढी आणलीच पाहिजे. किया आणणार नाही, आणि बरोबर करेल.

तुम्ही स्वतः अशी एखादी नवी सेडान आल्यावर घ्यायच्या विचारात असाल, तर किंमत जाहीर व्हायच्या आधीच एक गोष्ट तपासता येते. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या चालत्या एसयूव्हीतलं आहे का? असेल तर ती बंद पडली तरी सुटे भाग आणि हात बसलेला मेकॅनिक दोन्ही मिळत राहतील. सगळंच तिच्यापुरतं वेगळं असेल, तर घासाघीस जोरात करा, आणि सही करण्याआधी गाडी एकदा घरी आणून, घरची सगळी मंडळी आत बसवून, आपल्या फाटकातून आत घालून बघा.